दोन इंटरनेट जोडण्या, एक फायरवॉल : बिघाड कसा शोधावा?

ग्रामपंचायतीचे दाखले, विद्यार्थ्यांचे परीक्षा-अर्ज, शेतकऱ्यांच्या अनुदानाची नोंदणी ही कामे आता बहुतांशी इंटरनेटवर अवलंबून आहेत. अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी जोडणी तुटली, तर त्याचा भुर्दंड यंत्राला नव्हे, दारात ताटकळणाऱ्या माणसाला सोसावा लागतो. काणकोण, सत्तरी यांसारख्या डोंगराळ तालुक्यांत पावसाळ्यात झाडे कोसळून तारा तुटतात. म्हणून काही कार्यालये व शाळा दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या जोडण्या घेतात. तथापि, दोन जोडण्या असूनही तक्रारी थांबत नाहीत, असा अनुभव पुष्कळदा येतो. अशा वेळी दोष तारेत नसून त्या दोहोंची सांगड घालणाऱ्या फायरवॉलच्या मांडणीत असू शकतो.

भारवाटप म्हणजे काय?

फायरवॉल हा कार्यालयातील संगणक आणि बाहेरचे इंटरनेट यांच्या सीमेवरील नाका होय. कोणाला जाऊ द्यावे व कोणाला अडवावे, हे तो नियमांनुसार ठरवितो. वाटा दोन असतील, तर कोणता संपर्क कोणत्या वाटेने पाठवावा हेही तोच ठरवितो. यालाच भारवाटप म्हणतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सेकंदाला १०० मेगाबिट व २० मेगाबिट अशा दोन जोडण्या घेतल्या, म्हणून एखादी फाइल १२० मेगाबिट वेगाने उतरत नाही. एकदा सुरू झालेला संपर्क अखेरपर्यंत एकाच वाटेने जातो. चाळीस विद्यार्थी एकाच वेळी संगणकावर बसले, की मात्र दोन वाटांचा लाभ दिसून येतो. या उदाहरणात वाटणीचे प्रमाण ५ : १ ठेवावे. ते समसमान ठेवल्यास निम्मे संपर्क अरुंद वाटेवर जाऊन खोळंबतील.

तपासणीचा क्रम

१. प्रत्येक जोडणी स्वतंत्रपणे तपासावी. फायरवॉल बाजूला ठेवून एक संगणक थेट एकेका मोडेमला जोडून पाहावा. येथेच दोष आढळल्यास तो कंपनीकडे कळवावा. पुढील खटाटोपाचे कारण उरत नाही.

२. पत्ते पाहावेत. अनेक मोडेम १९२.१६८.१ याच मालिकेतील पत्ते देतात. दोन्ही मोडेमची मालिका एकच असली, की एकाच नावाच्या दोन गावांसारखा घोटाळा होतो. त्यांपैकी एकाची मालिका १९२.१६८.२ करावी. कार्यालयातील संगणकांची मालिका या दोहोंहून वेगळी असावी.

३. जोडणी चालू आहे हे फायरवॉल कशावरून ठरविते, ते पाहावे. पीएफसेन्ससारखी फायरवॉल, वेगळे काही सांगितले नसल्यास, जवळच्याच उपकरणाला हाक मारून पाहते. मोडेम ‘ओ’ देतो. पण दोन मैलांवर तार तुटलेली असते. मग निम्मे संपर्क मेलेल्या वाटेने जात राहतात आणि पान कधी उघडते, कधी उघडत नाही. यावर उपाय म्हणजे प्रत्येक जोडणीसाठी दूरचा व वेगवेगळा पत्ता नेमणे. उदाहरणार्थ, एकीस ८.८.८.८ व दुसरीस १.१.१.१.

४. नामसेवक, म्हणजे डीएनएस, तपासावा. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारी ही सेवा पुष्कळ कंपन्या केवळ स्वतःच्याच ग्राहकांना देतात. एका कंपनीच्या नामसेवकास दुसरीच्या वाटेने विचारणा गेली, तर उत्तर येत नाही. प्रत्येक वाटेसाठी तिचा नामसेवक नेमून द्यावा.

५. बँकेचे किंवा शासकीय संकेतस्थळ वारंवार बाहेर काढत असेल, तर वाट बदलत असल्याचा संशय घ्यावा. एका पानाचा पत्ता एका कंपनीचा व पुढच्याचा दुसरीचा दिसला, की काही संकेतस्थळे सुरक्षिततेसाठी प्रवेश रद्द करतात. अशी स्थळे एकाच जोडणीवरून पाठविण्याचा नियम करावा व दुसरी केवळ राखीव ठेवावी.

६. नियमांचा क्रम पाहावा. पीएफसेन्समध्ये एखाद्या जाळ्यासाठी लिहिलेले नियम वरून खाली वाचले जातात व पहिला जुळणारा नियम लागू होतो. सर्वसाधारण नियम वर असल्यास बँकेसाठी केलेला खालचा नियम निरुपयोगी ठरतो. त्याचप्रमाणे, कार्यालयातल्या कार्यालयात जाणारी माहिती भारवाटपाच्या नियमात सापडल्यास तीही बाहेरच्या वाटेला लागते आणि शेजारच्या खोलीतील छपाईयंत्र सापडेनासे होते. तिच्यासाठी सर्वांत वर स्वतंत्र नियम असावा.

काही मर्यादा

एक जोडणी तुटली, की तिच्यावरील चालू संपर्क दुसरीवर जसेच्या तसे नेता येत नाहीत, कारण दोहोंचे बाहेरचे पत्ते भिन्न असतात. म्हणून भरत असलेला अर्ज मधूनमधून जतन करावा. तसेच दोन्ही तारा एकाच खांबावरून येत असतील, तर एकच फांदी दोन्ही तोडू शकते, हे जोडणी घेतानाच पाहावे.

कोणताही बदल करण्यापूर्वी फायरवॉलच्या मांडणीची प्रत काढून ठेवावी. एका वेळी एकच बदल करावा व त्याची तारीख, वेळ आणि परिणाम वहीत नोंदवावा. महिन्यातून एकदा, कामाची वेळ संपल्यावर, एकेक तार मुद्दाम काढून दुसरीवर काम चालते की नाही हे पाहावे. ही परीक्षा आपण सवडीने घेतली नाही, तर पाऊस ती अर्जाच्या अखेरच्या दिवशी घेईल.