तापल्यावर बंद पडणारें इंजिन

मोटारसायकलच्या दुखण्यांपैकीं सर्वांत फसवें दुखणें कोणतें, असें एखाद्या मुरलेल्या मेस्त्रीस विचारल्यास तो बहुधा सांगेल कीं, गाडी मुळींच सुरू न होणें हें नव्हे. पंधरावीस किलोमीटर बिनतक्रार धांवून मग अकस्मात् बंद पडणें हें होय. मालक घामाघूम होऊन किक मारतो, पण इंजिन दाद देत नाहीं. झाडाखालीं पाव तास विसांवा घ्यावा, तों तीच गाडी पहिल्या किकेस सुरू होते! घरीं आणून तपासावें, तर सर्व कांहीं ठीक. असली गाडी घेऊन सायंकाळच्या वेळीं घाटांत शिरण्याचें धाडस कोण करील?

जुनी ३५० सी.सी.ची बुलेट हें या प्रकाराचें चांगलें उदाहरण. मूळची इंग्लंडांतील रेडिचची ही गाडी १९५५ सालीं स्थापन झालेल्या एन्फील्ड इंडिया कंपनीमार्फत मद्रासेस तयार होऊं लागली, आणि वडिलांकडून मुलाकडे आलेल्या अशा गाड्या अद्यापि कित्येक घरीं जपलेल्या दिसतात. ७० मिलिमीटर व्यासाचें एकच नळकांडें, ९० मिलिमीटर दट्ट्याची धांव. सारें उघडें, हाताला येणारें. हौशी माणसास याहून चांगला गुरु मिळणें कठीण. मात्र गुरु जरा तापट आहे.

पेट्रोल व हवा यांचें योग्य मिश्रण, त्यावर पुरेसा दाब आणि नेमक्या क्षणीं ठिणगी, एवढ्यावर इंजिन चालतें. हौशी दुरुस्तीकार बहुधा प्रथम कार्ब्युरेटरवर हात टाकतो, कारण त्याचे स्क्रू समोर दिसतात. मग पितळी जेटच्या केसासारख्या भोकांत तार खुपसली जाते, भोंक मोठें होतें, आणि एका रोगाचे दोन होतात.

वस्तुतः ताप अंगांत असतांनाच नाडी पाहिली पाहिजे. गाडी थंड झाल्यावर घेतलेली परीक्षा व्यर्थ होय. बंद पडतांच, जागच्या जागीं, टाकीचें झांकण उघडावें. झांकणाचें वायुछिद्र धुळीनें बुजलें असेल तर पेट्रोल खालीं जातां जातां टाकींत पोकळी निर्माण होते व पेट्रोलचा ओघ थांबतो. उघडतांना हवा सुस्कारा टाकून आंत शिरली आणि थोड्या वेळानें गाडी सुरू झाली, तर चोर सांपडला. विसाव्याच्या पाव तासांत तीच हवा चोरपावलांनीं आंत जात होती, एवढेंच.

तसें न झाल्यास संशय कंडेन्सरवर जातो. बॅटरीचा प्रवाह पॉइंटांमधून कॉइलच्या जाड तारेच्या वेटोळ्यांत खेळतो. पॉइंट उघडतांच तो तुटतो, आणि त्या तुटण्यानेंच बारीक तारेच्या वेटोळ्यांत हजारों व्होल्टांचा दाब उत्पन्न होऊन प्लगमध्यें ठिणगी पडते. परंतु प्रवाह सहजासहजीं तुटत नाहीं. उघडत्या पॉइंटांमधील फट उडी मारून ओलांडूं पाहतो. त्यास क्षणभर पोटांत घेऊन ही उडी थांबविणें हें कंडेन्सरचें काम. त्याच्या आंतील विद्युद्रोधक पापुद्रा जुना झाला म्हणजे उष्णतेनें त्यांतून प्रवाह गळूं लागतो. थंड होतांच तो पुन्हां सभ्यपणें वागतो!

येथें बुलेटचा ॲम्मीटर मदतीस येतो. चावी देऊन किक सावकाश दाबीत गेल्यास, पॉइंट मिटलेले असतांना कांटा वजा बाजूस झुकतो व उघडतांच मध्यावर परततो. कांटा मध्यावरच खिळला, तर फ्यूज, एखादी सैल तार किंवा पॉइंटांवरील मळ पाहावा. वजा बाजूसच राहिला, तर पॉइंट उघडत नाहींत, किंवा कंडेन्सरनें प्रवाहास चोरवाट दिली आहे. कांटा नीट डोलला तरी कंडेन्सर निर्दोष ठरत नाहीं. ठिणगी डोळ्यांनीं पाहावी लागते.

ती पाहतांना मात्र सावधगिरी हवी. पेट्रोलची तोटी बंद करावी, टाकीचें झांकण लावावें, प्लग काढून रबरी टोपीसकट इंजिनच्या धातूस टेकवावा, पण प्लगच्या भोंकापासून दूर. किक मारतांच त्या भोंकांतून पेट्रोलची वाफ बाहेर फेंकली जाते. जवळच ठिणगी पडल्यास भडका उडून हात भाजतो. ठिणगी निळी व कडक असावी. ती पिवळी, मलूल असून पॉइंटांवरही ठिणग्या नाचतांना दिसल्या, तर कंडेन्सर बदलावा.

त्याच वेळीं पॉइंट साफ करून त्यांतील अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावें. नव्या कंडेन्सरची बैठक खरवडून स्वच्छ करावी व स्क्रू घट्ट आवळावा. धातूशीं संबंध कच्चा राहिला तर नवाही जुन्यासारखाच वागतो. नंतर त्याच रस्त्यानें, पूर्वीइतकेंच अंतर, भर उन्हांत गाडी नेऊन पाहावी. आणि काढलेला जुना कंडेन्सर हत्यारांच्या पेटींत परत ठेवूं नये. थंडपणीं तो अगदीं चांगला दिसतो, आणि वर्षभरानें कोणी तरी तोच पुन्हां बसवितो.