जळगाव ते धुळे, एकट्यानं धावत : संकल्प आणि हट्ट



माणूस दुसऱ्याला शब्द देतो तेव्हा तो का बांधला जातो, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न आहे. आज आपण त्याच्या पुढची पायरी घेऊ. माणूस स्वतःलाच शब्द देतो तेव्हा काय होतं? नुसत्या कल्पनांवर बोलत राहिलो की आपण तत्त्वज्ञानवाले हवेत जातो, म्हणून आज पायाखाली एक रस्ता घेऊ. जळगावहून धुळ्याला जाणारा महामार्ग. हा रस्ता कुणी एकट्यानं, स्पर्धा नसताना, एका दिवसात धावत पार करायचं ठरवलं, तर त्यानं नेमकं काय ठरवलेलं असतं?

रस्ता आपल्या ओळखीचा आहे. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६, आताचा ५३. जळगाव सोडलं की बांभोरीजवळ गिरणेचा पूल, मग पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे आणि शेवटी पांझरेकाठचं धुळं. अंतर नव्वद किलोमीटरच्या थोडं वर. मॅरेथॉन असते ४२.१९५ किलोमीटरची, म्हणजे हे तिच्या दुपटीहून जास्त झालं. मॅरेथॉनपेक्षा लांब धावेला ‘अल्ट्रा’ म्हणतात. चांगली तयारी असलेल्या माणसाला इथं बारा तासांच्या आसपास लागतात.

वाटेत चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारणारच, “कथा जाई राहिना भाऊ?” आणि “धुळ्याला” असं उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न तयार असतो : मग एसटीनं का जात नाही? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञानं १९७८ साली ‘द ग्रासहॉपर’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यातली खेळाची व्याख्या थोडक्यात अशी सांगता येईल : ज्या अडथळ्यांची काही गरज नव्हती, ते आपण होऊन पत्करून पार करणं म्हणजे खेळ. टपरीवरच्या माणसाला त्यातला ‘गरज नव्हती’ हा भाग बरोबर दिसलेला असतो. ‘आपण होऊन’ हा भाग त्याला दिसत नाही.

एका शहरातून दुसऱ्या शहरात धावत जाणं पूर्वी गरजेचंच होतं. इ. स. पूर्व ४९० मध्ये इराणी सैन्य ग्रीसच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा अथेन्सनं फिडिपिडीस नावाच्या निरोप्याला मदत मागायला स्पार्टाला पाठवलं. तो दुसऱ्या दिवशी तिथं पोचला, असं हिरोडोटस हा इतिहासकार सांगतो. हे माणसाला शक्य आहे का, ते पाहायला जॉन फोडेन हे ब्रिटिश हवाई दलातले अधिकारी १९८२ साली चार सहकाऱ्यांसह अथेन्सहून निघाले. पाचांपैकी तिघं चाळीस तासांच्या आत स्पार्टाला पोचले. १९८३ पासून तिथं दरवर्षी २४६ किलोमीटरची ‘स्पार्टाथलॉन’ शर्यत होते. पण मूळ कथेतली एक गोष्ट लक्षात ठेवा. फिडिपिडीस वेळेत पोचला, तरी पौर्णिमा होईपर्यंत आम्ही निघू शकत नाही, असं स्पार्टानं सांगितलं. धावणं त्याच्या हातात होतं, फळ नव्हतं.

आपल्याकडेही पायांचा हा अभ्यास जुना आहे. चैत्र पौर्णिमेला वणीच्या सप्तशृंगी गडावर खानदेशातून हजारो माणसं भर उन्हात पायी जातात. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून पंढरपूरला जायला महिनाभराहून अधिक चालते. पण निरोप्याला राज्याचं काम असतं आणि वारकऱ्याला दिंडी असते, वाटेवर जेवू घालणारी गावं असतात, पुढे देव असतो. आपल्या एकट्या धावणाऱ्याकडे यातलं काहीच नाही.

त्याच्याकडे स्पर्धाही नाही. साधारण एवढ्याच अंतराची एक जगप्रसिद्ध शर्यत दक्षिण आफ्रिकेत डरबन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या शहरांदरम्यान होते, ‘कॉम्रेड्स’. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ती १९२१ साली सुरू झाली. त्या वर्षी ३४ जण धावले, १६ जणांनी ती पूर्ण केली. बारा तास भरत आले की तिथं एक पंच येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो आणि वेळ संपताच बंदुकीचा बार काढतो. त्या क्षणी जो दोन पावलं मागं असेल, त्याला पदक नाही. पाठ करून उभं राहण्यातला अर्थ बघा. समोर कोण धडपडतंय हे पंचानं पाहायचंच नाही.

जळगाव-धुळे रस्त्यावर असा पंच कोण? धावणारा स्वतःच. नियम त्यानंच केले, मोजतो तोच, निकालही तोच देणार. मुकटीपासून तीन किलोमीटर तो कुणाच्या मोटारसायकलवर बसला तर कोणाला कळणार आहे? इथं सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्स आडवा येतो. त्याचं म्हणणं असं की जो फक्त स्वतःशीच बांधलेला आहे तो बांधलेलाच नाही, कारण बांधणारा आणि सोडणारा एकच. मनात आलं की गाठ सोडली, संपलं.

याला एक उत्तर असं, की गाठ बांधणारा आणि ती सोडू पाहणारा ही दोन वेगळी माणसं आहेत. पहाटे चारला जळगावहून निघालेला एक आणि दुपारी दोनला मुकटीच्या अलीकडे उभा असलेला दुसरा. पारोळ्याहून उजवीकडे जो रस्ता जातो तो अमळनेरला. तिथल्या तत्त्वज्ञान मंदिरात १९१६ पासून ‘मी म्हणजे कोण’ याचा अभ्यास झाला. महामार्गावर तोच प्रश्न पायांनी विचारला जातो.

या दुसऱ्या माणसाचं काय झालेलं असतं, ते शरीरशास्त्रानं समजून घेऊ. स्नायू आणि यकृत मिळून शरीरात साखरेचा साठा असतो चारशे-पाचशे ग्रॅम, म्हणजे जास्तीत जास्त दोन हजार कॅलरी. साठ किलोच्या माणसाला एक किलोमीटर धावायला साधारण साठ कॅलरी लागतात. हिशेब करा. तीसेक किलोमीटरला, म्हणजे एरंडोलच्या आसपास, साठा तळाला जातो. त्यानंतर शरीर मुख्यतः चरबीवर आणि वाटेत खाल्लेल्यावर चालतं. केळी आपल्या जिल्ह्यात मुबलक आहेत. ती, राजगिऱ्याचा लाडू, मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं घेत राहावं लागतं. घाम तासाला एक लिटरपर्यंत जातो, उन्हात त्याहून जास्त. म्हणून नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. उष्माघातातही तेच, शुद्ध हरपण्याआधी विवेक हरपतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्यामुळे असली धाव डिसेंबर-जानेवारीतच.

म्हणजे ज्या क्षणी निकाल द्यायचा, त्याच क्षणी पंचाचं डोकं ठिकाणावर नसतं. “सोडून दे” म्हणणारा आवाज आळसाचा असेल किंवा शरीराच्या खऱ्या धोक्याचा. “धाव” म्हणणारा आवाज धैर्याचा असेल किंवा भ्रमाचा. आतून चारही सारखेच ऐकू येतात. आपल्या आजच्या विषयाचा गाभा इथं आहे.

ज्या धुळ्याकडे आपला माणूस निघालाय, तिथल्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. व्याख्यानं लेखी वाचणाऱ्या आपल्यासारख्यांवर हे ऋणच आहे. त्या गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार येतात. फळाची आस न धरता, श्रद्धेनं केलेलं ते सात्त्विक. सत्कार आणि मान मिळावा म्हणून दिखाव्यानं केलेलं ते राजस; मोबाइलवर नकाशा टाकून शाबासकीची वाट पाहणं याच खात्यात जमा करा. आणि मूढ आग्रहानं, स्वतःला पीडा देऊन केलेलं ते तामस. म्हणजे नुसत्या क्लेशाला तिथं मोल नाही. एरवी ज्याला आपण कौतुकानं ‘जिद्द’ म्हणतो, त्यातलं बरंचसं या तिसऱ्या खणात बसेल.

हट्ट दुसऱ्याचा असेल तर प्रश्न आणखी गंभीर होतो. २००६ साली बुधिया सिंग हा चार वर्षांचा मुलगा पुरी ते भुवनेश्वर ६५ किलोमीटर सात तास दोन मिनिटांत धावला. देशभर टाळ्या पडल्या. पुढे बालकल्याण यंत्रणेनं त्याच्या अशा धावण्यावर बंदी घातली, तेव्हा अनेकांना राग आला. पण चार वर्षांच्या मुलाला संकल्प करता येतो का? जो थांबायचं ठरवू शकत नाही, त्यानं धावायचं ठरवलं असं म्हणता येत नाही.

यावरून एक कसोटी निघते. संकल्पात थांबण्याच्या अटी आधीच लिहिलेल्या असतात, हट्टात त्या नसतात. होमरच्या काव्यातला ओडिसियस मोह पाडणाऱ्या गाण्याच्या टापूत शिरण्याआधी खलाशांना सांगतो, मला डोलकाठीला बांधा आणि नंतर मी सोडा म्हटलं तरी सोडू नका. शहाण्या क्षणानं वेड्या क्षणासाठी केलेली ही व्यवस्था. आपल्या माणसाला उलटी व्यवस्था हवी, “पुढे जाऊ दे” असं तो म्हणाला तरी थांबवणारी. मोटारसायकलवर पाणी घेऊन येणाऱ्या सोबत्याशी त्यानं आदल्या रात्री ठरवावं : लघवी काळ्या चहासारखी झाली तर थांबायचं. उन्हात हुडहुडी भरली तर थांबायचं. शंभरातून सात सात वजा करताना अडखळलो तर थांबायचं. एका जागच्या दुखण्यानं चाल वाकडी झाली तर थांबायचं. आणि या बाबतीत सोबत्याचा शब्द अंतिम. याखेरीज नुसता कंटाळा, दमणूक, फोड, रडू यांपैकी कशासाठीही थांबायचं नाही.

आता हॉब्सला उत्तर मिळतं. गाठ सोडायचा अधिकार दुसऱ्याच्या हाती दिला, की स्वतःला दिलेलं वचनही खरं वचन होतं. मग हा माणूस ‘एकटा’ राहिला का? पावलं सगळी त्याचीच आहेत. पण १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनासाठी मुंबईहून ज्योत आणली गेली, ती हातोहात, अनेक धावणाऱ्यांनी. त्यांनी अंतर वाटून घेतलं होतं. एकटा धावणारा अंतर वाटून घेत नाही, विवेक मात्र त्याला वाटून घ्यावाच लागतो.

असा माणूस पारोळ्याला, ५५ किलोमीटरवर, ठरलेल्या अटीनुसार थांबला तर त्यानं संकल्प मोडला की पाळला? आमच्या मते पाळला. तुमच्यापैकी काहींना हे पटणार नाही. प्रश्नोत्तरांची सुरुवात तिथूनच करू या.