स्पीकरमधली घूंघूं आणि रेडिओतली खरखर

आपल्या मुळशी धरणाचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात जातं, १९२७ पासून. तिथली काय किंवा दुसरीकडची काय, आपल्याकडची घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. हेच ५० स्पीकरमध्ये शिरलं, की ऐकू येते घूंघूं.

समजा, देवळात भजन आहे. अँप्लिफायर एका बोर्डावर, लॅपटॉप दुसऱ्या. दोघांनाही अर्थिंग, आणि वर ऑडिओ केबलच्या जाळीनं दोघं एकमेकांनाही जोडलेले. म्हणजे तारेचं एक बंद कडं झालं. आसपासच्या वीजतारांच्या चुंबकीय क्षेत्रामुळे या कड्यात बारीक प्रवाह फिरतो आणि अँप्लिफायर तोच मोठा करून ऐकवतो. खात्री कशी करायची? लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर चालवा. घूंघूं थांबली, तर दोष याच वाटेवर आहे.

उपाय सोपा. दोन्ही उपकरणं एकाच बोर्डावर घ्या. तरी राहिली, तर ऑडिओच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा.

पण काही जण अर्थिंगची जाड पिनच काढून टाकतात. आवाज जातो, हे खरं. पण उद्या आतली तार सुटून पेटीला लागली तर? पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून माईक धरणाऱ्याच्या अंगातून ती वीज जमिनीत जाईल. म्हणून ती पिन कधीही काढायची नाही.

आता खरखर. ही तारेतूनही येते आणि हवेतूनही. एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर यांच्या आतलं सर्किट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं. त्यातून निघणाऱ्या लहरी मीडियम वेव्हपर्यंत पोचतात. सेलवरचा रेडिओ लावा आणि घराचा मेन स्विच बंद करा. खरखर थांबली? मग चोर घरातच आहे. मेन चालू करून एकेक दिवा, एकेक चार्जर बंद करत जा, सापडेल. नाही थांबली, तर रेडिओ हळूहळू फिरवून बघा. आतली फेराइटची कांडी जिकडे टोक करते, तिकडून तिला सगळ्यात कमी ऐकू येतं. ते टोक खरखरीकडे करायचं.

आपल्याच जिल्ह्यात खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातले क्षीण रेडिओ संकेत टिपतात. त्यांनाही हीच डोकेदुखी आहे. त्यामुळे आधी वाट शोधा, मग पैसे खर्च करा. नाहीतर नवा स्पीकर आणाल आणि जुनीच घूंघूं ऐकाल!