जनरेटर घराबाहेरच का ठेवायचा?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब आडवे झाले आणि अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी ज्याच्या घरी पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर असेल, त्याच्याकडे शेजारीपाजारी मोबाइल चार्ज करायला येतात. बाहेर पाऊस असतो. यंत्र भिजू नये, चोरीला जाऊ नये, म्हणून ते पडवीत किंवा मागच्या खोलीत आणावेसे वाटते. ‘खिडकी उघडी ठेवली की झाले’ असे आपण म्हणतो. पण तेवढ्याने का होत नाही, ते पाहू.

पेट्रोल म्हणजे मुख्यतः कार्बन व हायड्रोजन यांच्या संयुगांचे मिश्रण. ज्वलनाला भरपूर ऑक्सिजन मिळाला, तर त्यातील कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. लहान इंजिनात ज्वलन अपुरे राहते आणि काही कार्बनचा कार्बन मोनॉक्साइड होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. धुराला येणारा वास इतर घटकांचा असतो. तो येईनासा झाला म्हणजे धोका टळला असे नव्हे. या वायूचा रेणुभार २८, तर हवेचा सरासरी २९. त्यामुळे तो खाली बसत नाही की वर निघून जात नाही. हवेत मिसळून घरभर पसरतो.

रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते. कार्बन मोनॉक्साइड त्याची हीच जागा अडवतो आणि त्याची पकड ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट असते. सोयीसाठी २१० पट धरू. हवेत ऑक्सिजन २१ टक्के आहे. २१ ला २१० ने भागले की ०.१ येते. म्हणजे हवेत केवळ ०.१ टक्का कार्बन मोनॉक्साइड असला आणि तिच्यात काही तास श्वास घेतला, तर जवळजवळ निम्मे हिमोग्लोबिन या वायूच्या ताब्यात जाते. एवढ्याने माणूस बेशुद्ध होतो, दगावूही शकतो.

आता एक गणित करू. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३ मीटर उंच खोलीत ३६,००० लिटर हवा असते. तिचा ०.१ टक्का म्हणजे ३६ लिटर. एवढ्या कार्बन मोनॉक्साइडचे वजन सुमारे ४२ ग्रॅम. जनरेटर तासाला अर्धा लिटर पेट्रोल जाळतो असे धरू. त्यात सुमारे ३२० ग्रॅम कार्बन असतो. त्याच्या फक्त दहाव्या भागाचा कार्बन मोनॉक्साइड झाला, तरी तो ७५ ग्रॅम भरेल. बंद खोलीत अर्ध्या तासाच्या थोडे पुढेच आपण धोक्याच्या पातळीवर पोचलो! उघड्या खिडकीने ही वेळ लांबेल, पण किती ते वाऱ्यावर अवलंबून. त्यावर झोपलेल्या माणसांचा जीव सोपवता येत नाही.

सुरुवातीला डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, पायांतले बळ जाते. ताप मात्र नसतो. घरातल्या सगळ्यांनाच एकदम असे होऊ लागले, तर ताबडतोब सर्वांनी उघड्यावर यावे आणि रुग्णालय गाठावे. साध्या हवेत रक्तातील निम्मा कार्बन मोनॉक्साइड निघून जायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिल्यास साधारण दीड तास. कोरोनाच्या साथीत घरोघर आलेल्या ऑक्सिमीटरवर येथे विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइडने अडलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनयुक्तच वाटते, आणि आकडा चांगला दिसतो.

म्हणून जनरेटर उघड्यावर, दारेखिडक्यांपासून निदान २० फूट दूर ठेवावा. धुराड्याचे तोंड घराकडे नसावे. पावसासाठी वर छप्पर असावे, पण बाजू मोकळ्या असाव्यात. पेट्रोल भरताना यंत्र बंद करून आधी निवू द्यावे.

आणखी एक धोका आपल्या घरापलीकडचा आहे. काही जण जनरेटरची वायर सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचतात. मग वीज उलट वाहून मीटरमधून बाहेरच्या तारांत शिरू शकते. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो: इकडचे २३० व्होल्ट पलीकडे हजारो व्होल्ट होतात. लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर ते बेतते. यासाठी जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा, नाही तर उपकरणे थेट जनरेटरलाच जोडावीत.

हा वायू वर्गात तयार करून दाखवू नये. वरचे गणित मात्र मुलांकडून जरूर करून घ्यावे. प्रत्येकाने आपल्या घरातली खोली मोजून आणावी आणि तिच्यासाठी किती ग्रॅम पुरतील ते काढावे. ते उत्तर घरी सांगितले जाईल, आणि पुढच्या वादळात जनरेटर अंगणातच राहील.