बोलण्यातील व लेखनातील विराम : स्वरूप आणि अभ्यास

प्रस्तावना :
भाषेच्या अभ्यासात शब्दांना जेवढे महत्त्व मिळते, तेवढे शब्दांमधील विरामांना मिळत नाही. तोंडी परीक्षेत थांबत थांबत बोलणारा विद्यार्थी अनेकदा अभ्यास न केलेला समजला जातो. हा समज कितपत योग्य आहे, हे पाहण्यासाठी विरामाचे स्वरूप व त्याचे मापन समजून घेणे आवश्यक आहे.

विराम आणि अर्थ :
'प्राध्यापक म्हणाले विद्यार्थी येणार नाहीत' या वाक्यात 'म्हणाले'नंतर थांबल्यास विद्यार्थी येणार नाहीत. 'प्राध्यापक'नंतर व 'विद्यार्थी'नंतर थांबल्यास प्राध्यापक येणार नाहीत. लेखनात हे कार्य विरामचिन्हे करतात. मोडी लेखनात शब्द सलग लिहिले जात व विरामचिन्हे नसत. त्यामुळे वाचकास संदर्भावरून विराम ठरवावा लागे. पाश्चात्त्य धर्तीची विरामचिन्हे मराठीत रुजविण्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा आहे. त्यांचे 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक १८५० मध्ये प्रसिद्ध झाले.

बोलण्यातील विरामांचे मापन :
विरामांचे दोन प्रकार मानले जातात : निःशब्द विराम आणि 'अं', 'म्हणजे', 'आपलं' यांसारख्या उच्चारांनी भरलेला विराम. 'प', 'ट' यांसारखी व्यंजने उच्चारताना हवा क्षणभर अडते. ही शांतता विरामात गणली जाऊ नये म्हणून फ्रीडा गोल्डमन-आयस्लर यांनी ०.२५ सेकंद ही किमान मर्यादा धरली. व्यंगचित्राचे केवळ वर्णन करण्यापेक्षा त्याचे मर्म सांगताना बोलणारे अधिक थांबतात आणि तेच पुन्हा सांगताना विराम घटतात, असे त्यांच्या प्रयोगांत आढळले. हे संशोधन १९६८ च्या त्यांच्या ग्रंथात संकलित आहे.

लेखनातील विरामांचे मापन :
संगणकावर प्रत्येक कळ दाबल्याची वेळ नोंदवून लेखनातील विराम मोजले जातात. त्यासाठी अनेकदा २ सेकंदांची मर्यादा धरतात. शब्दांतर्गत विरामांपेक्षा वाक्याच्या व परिच्छेदाच्या सीमेवरील विराम सामान्यतः दीर्घ असतात. कारण तेथे पुढील आशयाची जुळवाजुळव होते. देवनागरीत मात्र 'ध्य' यासारख्या एका जोडाक्षरासाठी एकाहून अधिक कळा दाबाव्या लागतात. म्हणून टंकलेखनाचा सराव नसल्याने होणारा विलंब विचारासाठीच्या विरामापासून वेगळा काढणे गरजेचे ठरते.

समारोप :
विराम हा अज्ञानाचा पुरावा नव्हे. तसाच तो सखोल विचाराचाही निश्चित पुरावा नव्हे. तो कोठे येतो, किती वेळ टिकतो आणि त्यानंतर काय सांगितले जाते, यांवरून त्याचा अर्थ लावावा लागतो. परीक्षकाने प्रश्नानंतर काही क्षण शांत राहिल्यास विद्यार्थ्याच्या उत्तराचे मूल्यमापन अधिक न्याय्य होऊ शकेल.