साडेबाराची जाळी

रात्री 12.30. मनगटावरचे घड्याळ मी भारतीय वेळेवरच ठेवले आहे. माझे गाव कुळगाव 73 अंश पूर्व रेखांशावर, अंटार्क्टिकाचा प्रिड्झ उपसागर 76 अंशांच्या आसपास. म्हणून खरी मध्यरात्र घरासारखीच इथेही साडेबाराच्या सुमारास होते. पण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूर्य क्षितिजाला टेकतो, बुडत नाही. त्या पिवळ्या उजेडात मल्टिनेट उतरवली. एका चौकटीत पाच जाळ्या, छिद्रे 200 मायक्रॉनची. प्रत्येक जाळी ठरलेल्या खोलीवर उघडते आणि मिटते.

2.00. जाळ्या बाहेरून समुद्राच्या पाण्याने धुतल्या. बरणीत फॉर्मेलिन, आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी, शाई विरघळते.

सकाळी 8.00. आईचा निरोप: "तिकडे जवळा मिळतो का रे?" मिळतो, आई. इथे भूखंडमंचावर हिमक्रिल आहे, युफॉशिया क्रिस्टलोरोफियस. जवळ्यासारखेच दिसते, पेंग्विन आणि मासे त्यावर जगतात.

दुपारी 12.30. त्याच जागी, त्याच खोल्यांवर पुन्हा जाळी. आपल्या समुद्रात प्राणिप्लवक अंधारात वर चरायला येतात आणि उजाडताच खाली दडतात. इथे अंधारच नाही. दुपारची वरच्या थरातली बरणी रात्रीच्या बरणीशेजारी ठेवली. नुसत्या नजरेला दोन्ही सारख्याच भरलेल्या. खरा निकाल मोजणीनंतर.

2.00. जहाज उत्तरेकडे. भारताची पहिली तुकडी 9 जानेवारी 1982 रोजी अंटार्क्टिकावर उतरली, तिचे नेते सय्यद जहूर कासिम स्वतः सागरी जीवशास्त्रज्ञ होते. या वाटेवर त्यांची आठवण येतेच.

रात्री 8.00. खंडान्त उतार ओलांडला. मंचावर पाचशे मीटरच्या आसपास तळ लागत होता, इथे तो तीन हजारांच्या खाली. जाळी 1000 मीटरवरून अर्धा मीटर प्रतिसेकंद वेगाने ओढायची म्हणजे वर यायलाच अर्धा तास. विंचवरून नजर हलवायची नाही.

10.00. ताटलीत वस्ती बदललेली. हिमक्रिल नाही, बोटाएवढे मोठे क्रिल, युफॉशिया सुपर्बा. सोबत कॅलॅनॉइडिस अक्यूटस हा कोपेपॉड. उन्हाळ्यात वर चरून तो अंगात चरबी साठवतो आणि हिवाळ्यासाठी शेकडो मीटर खाली उतरतो. त्याच्याबरोबर हवेतून पाण्यात आलेला कार्बनही खोल जातो. क्रिलची पिल्ले मात्र हिवाळ्यात बर्फाच्या बुडाला वाढणाऱ्या शेवाळावर तगतात. बर्फ कमी झाला की त्यांचे ताट रिकामे.

11.30. शेवटची चिठ्ठी लिहिली. या समुद्रातल्या बहुतेक बरण्या अशाच उन्हाळ्यात भरलेल्या असतात, कारण हिवाळ्यात बर्फ जहाजांची वाट अडवतो. हे प्राणी खाली कसे जगतात आणि किती उरतात, ते त्याच महिन्यांत ठरते. उजेडातल्या बरण्यांवरून वर्षाचा हिशेब मांडता येणार नाही. अंधारातही मोजायला यायला हवे.