घरातला परदेशी पाहुणा

गेल्या पावसाळ्यात चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला असलेला तरुण बायको व दोन वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आला. मुलीला ताप, जुलाब, शौचातून रक्त. पाणी उकळून देता का, बाहेरचे काही खाल्ले का, हे नेहमीचे प्रश्न झाले. घरात कुत्रा-मांजर आहे का, असे विचारताच आई खालच्या आवाजात म्हणाली, "डॉक्टर, यांनी साप पाळलाय."

साप म्हणजे आफ्रिकेतला बॉल पायथन. बिनविषारी आणि स्वभावाने गरीब. पण अशा प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला जंतू असू शकतात. प्राणी मात्र ठणठणीत दिसतो. वडील सापाची पेटी धुणार आणि त्याच हातांनी मुलीला भरवणार! शौचाच्या तपासणीत साल्मोनेलाच निघाला. पाच वर्षांखालची मुले, गरोदर स्त्री किंवा वृद्ध माणसे असलेल्या घरात साप नकोच.

मी कागदपत्रे विचारली. "विकणारा म्हणाला, परदेशी सापाला कायदा लागू नाही." हे साफ खोटे. देशी साप पाळणे-विकणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहेच. २०२२ च्या दुरुस्तीने बॉल पायथनसारख्या परदेशी प्रजातीही त्याच कायद्याखाली आल्या. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंदणी सक्तीची आहे, आणि परवान्याशिवाय आयात करता येत नाही.

माझे मत विचाराल, तर परदेशी विषारी सापांना परवानाही नको. आपल्याकडचे सर्पदंशावरचे इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषापासून बनते. २०२५ मध्ये मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात इंडोनेशियातले चाळीसहून अधिक विषारी चापडे सापडले. त्यातला एखादा पिंपरीत कुणाला चावला, तर मी टोचणार काय?

चोरटा धंदा आपल्यापासून दूर आहे, असेही समजू नका. डिसेंबर २०१६ मध्ये चाकणच्याच एका सदनिकेत पोलिसांना सत्तरच्या आसपास नाग आणि घोणस सापडले होते. विष काढून विकण्यासाठी ठेवलेले. भिंतीपलीकडे लोक संसार करीत होते.

मुलगी आता बरी आहे. सापाचे काय करायचे, हे विचारायला वनखात्याच्या कचेरीत जातो, असे तिचे वडील म्हणाले होते. अजून गेलेले नाहीत.